शिंगं आखूड

कलापूर म्हणवणाऱ्या गावात डॉक्टरकी करून वर स्केचबुक बाळगायचं, म्हणजे दोन्हीकडून मार. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या जर्नलात गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी पेशी रंगवायला लावतात, तिथं हा नाद लागला. बाकीचे परीक्षेनंतर बरे झाले, मी राहिलो.

कोल्हापुरात पेन्सिलीला टोक काढेपर्यंत चारजण मागं उभे. त्यातला एकही साधा बघ्या नसतो. एकाच्या आजोबांनी म्हणे बाबूराव पेंटरांना रंग कालवून दिलेले असतात, दुसऱ्यानं चंद्रकांत मांढऱ्यांना पावडर शेडिंगनं चित्र काढताना बघितलेलं असतं. रंकाळ्यावर बसलं की थेट चित्रकार आबालाल रहिमानांचंच नाव काढतात. "हितंच बसायचे, डॉक्टर. पाणी काढायचे ते असं हलायचं, अजून डोळ्यांपुढं हाय!" आबालाल गेले १९३१ साली. सांगणाऱ्याचं वय माझ्याच केसपेपरवर ४५ आहे.

बरं, हे चौघे नुसते समीक्षक असते तरी चाललं असतं. निम्मे पेशंट असतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात रंकाळ्यातल्या संध्यामठाचे खांब कागदावर उभे करतोय, तोवर खांद्यावरून एक्स-रेची पिशवी पुढं येते. "धरा की उगवतीकडं. उजेड झ्याक पडलाय." झ्याक पडला होता खरा, त्यासाठीच तर मी साडेपाचला उठलो होतो. त्या उजेडात शेवटी मणके बघितले.

म्हणून एकदा संध्याकाळी गंगावेशीत, दूधकट्ट्यावर गेलो. धारोष्ण दुधाच्या नादात लोक आपल्याकडं बघायचे नाहीत, असा हिशेब. पंढरपुरी म्हशी उभ्या होत्या. त्यांची शिंगं खांद्याच्याही मागं जातात, कागदावर मावत नाहीत. एक म्हस नेमकी तोंड माझ्याकडं करून होती, म्हणून शिंगं आखडून काढली. मागनं आवाज आला, "शिंगं आखूड काढलायसा."

"समोरून तशीच दिसतात हो."

"तुम्हाला दिसत असतील. म्हस आमची हाय."

ग्लास रिकामा करून, मिशी पुसून मालक पुढं म्हणाले, "आता बसलायसाच, तर गॅसवर कायतरी लिहून द्या." दुसरा कागद नव्हता. म्हशीच्या पाठीमागं गोळ्या लिहिल्या, खाली सही केली.

तासाभरात मेडिकलवाल्याचा फोन. "गोळ्या दिल्या, डॉक्टर. पण मागं ती म्हस..."

"शिंगं माहीत आहेत मला," म्हणून मी फोन ठेवला.

त्या भल्या माणसानं ते पान मागून घेतलं आणि काउंटरच्या काचेखाली लावलं, म्हस वर करून. शेजारी माझं कार्ड. परवा ओपीडीत एकजण आला. तपासायचा टेबल सोडून मोबाईल पुढं केला. "चार दिस झालं, वैरणीला तोंड लावंना. मेडिकलवाल्याकडं तुमचं नाव बघितलं."

मी फोटो मोठा करून बघितला. रेडकाला शिंगं अजून फुटायची होती. काढायला एकदम सोपं.