नऊ व्होल्टचीच तर बॅटरी!

कंबरदुखीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: "टेन्स मशीन नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. मणक्यात किंवा मेंदूत स्टिम्युलेटर बसवला असला तरी खुशाल वापरा, तंत्र एकच आहे. फार तर इम्प्लांट बंद करा. फिजिओकडचा शेक तर निर्धोकच."

टेन्स म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून हलका करंट देत वेदना कमी करणारं छोटं मशीन. स्टिम्युलेटर म्हणजे तसाच करंट वेदनेसाठी मणक्यात किंवा पार्किन्सनच्या कंपासाठी मेंदूत देणारं, ऑपरेशनने आत बसवलेलं यंत्र, म्हणजेच इम्प्लांट. टेन्सची बॅटरी बऱ्याचदा नऊ व्होल्टची असते, कबूल. पण मशीनच्या आतलं सर्किट तो दाब कितीतरी पट वाढवतं. हाताला पॅड लावून नॉब फिरवा, बोटं आपोआप वळायला लागतात. ती काय उगाच वळतात?

"तंत्र एकच" हे अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये वेदनेचा 'गेट' सिद्धांत मांडला: मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि दुसऱ्या संवेदनांनी ते वेदनेसाठी बंद करता येतं. त्याच्याच आधारे १९६७ मध्ये न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी मणक्यात पहिला स्टिम्युलेटर बसवला. ऑपरेशनचा फायदा कोणाला होईल हे चाचपायला त्या काळी आधी त्वचेवरून करंट देऊन बघत. म्हणजे आधी टेन्स, मग इम्प्लांट. एकावर एक चढवायचं कोणी सांगितलं नव्हतं.

मग सरसकट बंदी? तसंही नाही. काही इम्प्लांटच्या पुस्तिकेत एवढंच असतं की टेन्सचा करंट यंत्रणेच्या कुठल्याही भागावरून जाता कामा नये. पण यंत्रणा कुठे आहे विचारलं की पेशंट बॅटरीवर बोट ठेवतो, वायर विसरतो. मेंदूच्या स्टिम्युलेटरची वायर कानामागून मानेत उतरून छातीवरच्या बॅटरीला मिळते. आणि मान आखडली की पॅड नेमके तिथेच चिकटतात. टेन्सच्या पुस्तिकेत मात्र बऱ्याचदा सरळ 'वापरू नये' असंच असतं. दोन पुस्तिकांचं भांडण इम्प्लांट बसवणाऱ्या डॉक्टरांनी मिटवायचं, ग्रुप अ‍ॅडमिनने नाही.

खरा धोका मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे. गरम पाण्याची पिशवी वेगळी आणि डायथर्मी, म्हणजे लहरी सोडून शरीरात खोलवर उष्णता निर्माण करणारं फिजिओकडचं मशीन, वेगळं; दोन्हींना आपण 'शेक'च म्हणतो. डायथर्मीची ऊर्जा वायर पकडते आणि टोकाच्या इलेक्ट्रोडपाशी उष्णता साठून भोवतालचा भाग भाजतो. मेंदूत स्टिम्युलेटर असलेले रुग्ण डायथर्मीनंतर दगावल्याचं औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २००२ मध्ये जाहीर केलं. त्याच सूचनेत हेही होतं की इम्प्लांट बंद असला, इतकंच काय, बॅटरी काढून नुसती वायर आत राहिली असली, तरी धोका तसाच. तापायला वायर पुरते. शिवाय पार्किन्सनच्या रुग्णाने आपल्या मनाने स्टिम्युलेटर बंद केला तर कंप आणि ताठरपणा परत उसळतो, ते निराळंच.

इम्प्लांट बसवताना एक कार्ड मिळतं, त्यावर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं. ते बहुतेकांच्या घरी फाइलमध्ये पडून असतं. पाकिटात ठेवा, आणि फिजिओच्या टेबलावर आडवं व्हायच्या आधी काढून दाखवा.