रॉसवरचा दीड तास

परवा कट्ट्यावर अंदमानात जपान्यांनी मारलेल्या माणसांवरनं वाद झाला म्हणून लिहायलोय. नाहीतर अंदमानला जाऊन आल्याला आता दोन महिने होत आले, आणि फोटो टाकायचं काम बायकोने केव्हाच उरकलंय.

आपल्याकडनं अंदमानला जाणारा माणूस दोन गोष्टी बघायला जातो. सेल्युलर जेल आणि समुद्र. त्यात जेलशी तर आपलं नातंच आहे. १९५० च्या एप्रिलात सावरकरांना परत पकडलं, तेव्हा आणून ठेवलं ते आपल्या बेळगावच्या हिंडलगा जेलात. जुलैपर्यंत ते इथंच होते. त्यामुळे तिथं त्यांच्या कोठडीपुढं आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी चपला काढल्या, मीही हात जोडले. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते दुसऱ्या दिवसाबद्दल. रॉस बेटाबद्दल.

पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरनं समोर दिसतं ते. बोटीत नीट टेकेपर्यंत पोचताय. पाटीवर २०१८ पासून 'नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप' आहे, पण बोटवाला ओरडत होता, "रॉसवाले इधर, रॉसवाले!" मला हसू आलं. २०१४ पासून आपल्या गावाचं सरकारी नाव काय झालंय आणि खानापूरहून येणारी म्हातारी वडापवाल्याला काय सांगते, हे मी तुम्हाला काय सांगणार?

आमच्या ट्रॅव्हलवाल्याने (नाव घेत नाही, उद्या परत तोंड दाखवायचंय) तिथं दीड तास दिला होता. त्यातली वीस मिनिटं शहाळ्यांत गेली, अर्धा तास हरणांबरोबर फोटोत. बेट केवढं, तर साधारण सत्तर एकर. पण साहेबाने १८५८ पासून पुढं ऐंशीएक वर्षं अख्ख्या अंदमानचा कारभार इथनं हाकला. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, नाचायचा हॉल, टेनिस कोर्ट. बांधलं कुणी, तर काळ्या पाण्याच्या कैद्यांनी. आता छपरं नाहीत. वडा-पिंपळाची मुळं विटांवर अशी चपटी होऊन बसलीत की भिंतीने झाड धरलंय का झाडाने भिंत, कळत नाही. जून १९४१ च्या भूकंपात पडझड झाली, आणि पुढच्या मार्चमध्ये जपानी आले.

धक्क्यापासून जवळच त्यांचा एक बंकर आहे. मी वाकून आत गेलो. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि आत तळघरासारखा ओलसर गारवा. काँक्रीटच्या भिंतीला एक आडवी फट. तिला डोळा लावला तर फक्त पाणी दिसत होतं आणि पाण्यावरनं येणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बोटी. खाली चिप्सची रिकामी पाकिटं. मागनं कोणतरी म्हणालं, "अहो काका, सरका की जरा, सेल्फी घ्यायचाय."

गाइडने बंकरवर दोन वाक्यं खर्च केली. जपानी आले, मग नेताजी आले, झेंडा लागला. संपलं.

झेंडा लागला हे खरंच आहे. २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी पोर्ट ब्लेअरला उतरले आणि दुसऱ्या दिवशी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला. अंगावर काटा येतो, येणारच. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं?

२३ मार्च १९४२ ला जपानी उतरले, तेव्हा त्यांना अडवायला कोण नव्हतंच. त्या पहिल्याच दिवसांत झुल्फिकार अली नावाच्या तरण्या पोराने त्यांच्यावर एअरगन चालवली. कोणाला लागलंसुद्धा नाही. त्याला हालहाल करून सगळ्यांसमोर गोळी घातली. डॉ. दिवाण सिंग हे इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले पुढारी, म्हणजे नेताजींच्याच बाजूचा माणूस. हेर ठरवून त्यांना त्याच सेल्युलर जेलमध्ये डांबलं. नेताजी बेटावर होते त्या दिवसांत हा माणूस आत मार खात होता. १४ जानेवारी १९४४ ला, आपण तिळगूळ वाटतो त्या दिवशी, तो गेला. आणि ३० जानेवारीला पोर्ट ब्लेअरबाहेरच्या हम्फ्रेगंजला ४४ जणांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. आरोप तोच, हेरगिरी. नेताजी तिथनं परत जाऊन महिनाच झाला होता.

मी हे कट्ट्यावर बोललो तर एक मित्र भडकलाच. "म्हणजे नेताजींना काय माहीत नव्हतं म्हणतोस? त्यांना कमीपणा आणायलास तू." अरे बाबा, जपान्यांनी त्यांना दाखवलं तेवढंच त्यांना दिसलं, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. मेलेली माणसं त्यांच्याच बाजूची होती. त्यांचं नाव घेतल्याने नेताजी लहान कसे होतील? उलट न घेता आपण जपान्यांचं काम सोपं करतो, असं माझं मत आहे. आमचे आजोबा मराठा रेजिमेंटचे पेन्शनर. घरात इंग्रजाची नोकरी आणि नेताजींचा फोटो दोन्ही एकाच भिंतीला होतं, आणि त्यात कोणाला काही खटकत नव्हतं. आता आपल्याला सगळं एकाच रंगात का लागतंय कुणास ठाऊक.

एक मात्र कबूल करतो. हम्फ्रेगंजला मीही गेलो नाही. तिथं बलिदान वेदी आहे, शहराबाहेर, गाडीने सहज जमतं. पण प्रोग्रॅममध्ये नव्हतं, वेगळी गाडी करावी लागणार होती. आणि हॅवलॉक बेटाच्या बोटीची तिकिटं काढलेली. बायको म्हणाली, "एवढं वाटतंय तर जावा की तुम्ही, आम्ही बसतो रूमवर." मी नाही गेलो. संध्याकाळी घरनं नेलेल्या कुंद्याचा डबा उघडला, तर उकाड्याने त्याला पाणी सुटलेलं. तोच चमच्याने खात बसलो.

डिसेंबरात शहापुरातले दोघं-तिघं जाणार आहेत म्हणे. ट्रॅव्हलवाल्याला पैसे द्यायच्या आधीच हम्फ्रेगंज लिहून घ्या. आणि रॉसला दीड तास नको, सकाळच्या पहिल्या बोटीने जावा. तेव्हा बंकरमध्ये कोण नसेल.