थांबायचा खर्च

माझ्या भाच्याने, चिन्मयने, सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि किमतीच्या जवळपास निम्मे पैसे ती थांबावी म्हणून घातले. मुंबईत गाडी थांबवायला पैसे पडतात हे मला नवीन होतं. इथे ती फुकट थांबते. सायनला थांबते, कलानगरला थांबते, घाटकोपरला तर मुक्कामच करते.

"मामा, तू नुसता बस. फरक आपोआप कळेल."

कळला. स्प्रिंगा बदलून गाडी इतकी खाली आणली होती की मी गाडीत चढलो नाही, उतरलो. गुरुत्वमध्य खाली गेला की वळणावर गाडी कमी कलते, हे अगदी खरं. पण सोसायटीच्या गेटापाशी गतिरोधक आहे आणि त्याला गुरुत्वमध्याचं काही पडलेलं नाही. पोटाखालून असा खर्रर्र आवाज आला की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. तेव्हापासून गतिरोधक दिसला की मागच्यांनी उतरायचं, असा नियम आहे. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला गाडीतून न्यायचं. आणि दादर येईपर्यंत ती निम्मी चालत आलेली असते.

बॉनेटखाली एक चकचकीत लाल दांडी आहे. तिला स्ट्रट बार म्हणतात. पुढच्या दोन्ही शॉकअपचे माथे ती एकमेकांना जोडते, म्हणजे भरधाव वळणावर सांगाडा पिळवटत नाही. रेसट्रॅकवर उपयोग होत असेल. आमच्या मेकॅनिकने त्यावर फडकं वाळत घातलं.

खरा खर्च मात्र ब्रेकचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भोकं पाडलेल्या डिस्क आल्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी; ब्रेक दाबला की पॅड तिला चिमटीत धरतात. या भोकांचं मूळ असं, की पूर्वीचे पॅड तापले की त्यांतून वायू सुटायचा, त्याला वाट हवी म्हणून भोकं. आताच्या पॅडना तो विकार जवळजवळ उरलेला नाही. पावसात डिस्कवरचं पाणी निघायला थोडी मदत होते, पण भोकांपाशी तडेही जाऊ शकतात. पॅड रेसिंगच्या जातीचे. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि तापायला वेग लागतो. कोस्टल रोडला सरळ रस्त्यावर 80 ची मर्यादा, बोगद्यात 60 ची. पॅड गरम व्हायच्या आत चलान फाटायचं. तोवर प्रत्येक सिग्नलला ते असे किंचाळतात की हवालदार स्वतःची शिट्टी तपासून बघतो.

लालबागच्या मेकॅनिकने हे सगळं कौतुकाने पाहिलं. मग तो उकिडवा बसला आणि टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नख जेमतेम बुडालं. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात; टायर झिजत त्यांच्या पातळीला आला की 1.6 मिलिमीटर उरले, टायर संपला. चिन्मयचा टायर त्यांना टेकलेलाच होता. नंतर मेकॅनिकने टायरच्या बाजूवरची धूळ पुसून चार आकडे दाखवले : 2317. म्हणजे टायर बनला तो 2017 सालचा तेविसावा आठवडा.

"दादा, ब्रेक चाक अडवतो. गाडी अडवतो तो टायर."

आता याच्यावर बोलायचं काय? कंपनीचे साधे ब्रेक जोरात दाबले तरी एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू होतं; रस्त्यावरची पकड तिथे संपते. त्यापुढे डिस्क कितीही मोठी लावा, गाडी आणखी लवकर थांबत नाही. मोठ्या डिस्कचं काम उष्णता पचवायचं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ट्रॅकवर पुन्हा पुन्हा ती जिरवायची असेल तर पैसे वसूल. बोरघाट उतरताना खालचा गिअर टाकला की बरंच भागतं, आणि तो गाडीसोबत मिळालेला असतो.

मेकॅनिकने जाता जाता ब्रेक ऑइलही पाहिलं. चहासारखं काळपट. ते हवेतली ओल पितं. डॉट 4 या दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायलेलं 155 लाही उकळू शकतं, आणि ते उकळलं की ब्रेकचा पाय पोकळ जातो. डब्याची किंमत त्या लाल दांडीच्या तुलनेत सुट्ट्या पैशांत जमा, म्हणून चिन्मयला त्यात रस नव्हता. ताईने डोळे वटारले तेव्हा ऑइल बदललं, टायरही चारी नवे आले.

गाडी आता झकास थांबते. परवा चिन्मय म्हणाला, "मामा, एवढी पकड आलीच आहे, तर इंजिनाचं काहीतरी बघायला हवं."