बामणोलीच्या लाँचवाल्यांना शिव्या देण्याआधी

सकाळी सकाळी एका मित्राने रील पाठवलं. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याचा ट्रेक करून आलेला कुणी तरुण गाडीत बसून तावातावाने बोलतोय. धरणाच्या पाण्यातून तिथे नेणारे बामणोली गावचे लाँचवाले लुटतात म्हणे, जंगलात जायला पावती कशाला म्हणे, जेवणाचे एवढे पैसे कसे घेतात म्हणे. इथवर मी गप्प बसलो असतो. पण खाली कुणीतरी लिहिलंय, 'ही काठावरची गावं पण उठवा एकदाची, जंगल मोकळं होईल.' आणि त्याला शेकड्याने लाइक आहेत. माझ्या यादीतल्याही दोघांचे आहेत. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

उठवा एकदाची? अरे, एकदा उठवलीच आहेत ना! तुम्ही दीड तास लाँचमध्ये बसून ज्या पाण्याचे व्हिडिओ काढता, त्याखाली गावं आहेत. देवळं आहेत, भाताची खाचरं आहेत, आमच्या घराचं जोतं आहे. कोयनेचं धरण १९६४ साली पुरं झालं, पण पाणी त्याआधीपासूनच चढत होतं. कुणी सामान डोक्यावर घेऊन डोंगराच्या अंगाने वर सरकलं, कुणाला सोलापूर-सांगलीकडे जमीन दाखवली, कुणाला ठाण्या-रायगडात. माझे आजोबा रायगडात गेले. वडील मुंबईत आले आणि जावळीची निम्मी तरणी पोरं करायची तेच त्यांनी केलं, माथाडीत पाठीवर पोती वाहिली.

माझी आत्या तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. काही वर्षांमागे मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं, तेव्हा तिने हट्ट धरला, मला एकदा नेऊन आण. नेलं. बामणोलीला वनविभागाची पावती फाडली, आधार कार्ड दाखवलं, लाँच ठरवली. जिथे जन्मली तिथे जायला त्या बाईला ओळखपत्र दाखवावं लागलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

काठाला उतरलो तर चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. आत्याने चपला हातात घेतल्या आणि सरळ चालू लागली. दगडांच्या दोन ओळी दिसल्या तिथे थांबली. ही ओसरी, हे उंबऱ्याचं दगड, हितं जातं. मला सगळे दगड सारखेच दिसत होते. मग ती वळली आणि जंगलाकडे निघाली. "चल, वाट वर हाय," म्हणाली.

आणि वाट होती! आज ज्या वाटेने हजारो लोक वासोट्याला जातात, तीच. तिच्या लहानपणी त्या वाटेने गुरं जायची, हिरडा गोळा करायला बायका जायच्या, शिवरात्रीला सगळं गाव नागेश्वराला जायचं. नागेश्वराच्या गुहेत अजूनही शिवरात्रीला यात्रा भरते, पलीकडून खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून कोकणातली माणसं घाट चढून येतात. ही वाट कुणा ट्रेकिंग ग्रुपने शोधलेली नाही की वनविभागाने आखलेली नाही. पिढ्यानपिढ्या अनवाणी पायांनी ती रुळली. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांचं असंच आहे. त्या बाजारहाटाच्या आहेत, सोयरिकीच्या आहेत, आजाऱ्याला डोलीत घालून नेण्याच्या आहेत. आपण शनिवार-रविवारी तिथे पाहुणे म्हणून जातो, आणि यजमानालाच विचारतो की तू इथे काय करतोस?

हो, मान्य, लागून सुट्ट्या आल्या की काही लाँचवाले अवाच्या सवा भाडं सांगतात. सांगू नये. पुढे.

पैशांचा हिशोबच काढायचा तर मग सगळाच काढू. कोयना प्रकल्पाची वीज आहे १९६० मेगावॅट. त्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने उभे राहिले, मुंबई उजळली. पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून पोफळीला टर्बाइन फिरवलं आणि पुढे वाशिष्ठीत सोडलं. मोठं काम आहे, त्या इंजिनियरांबद्दल मला आदरच आहे. पण ज्यांची खाचरं त्यात गेली त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांचं पुनर्वसन साठ वर्षांनीही रखडलेलं आहे. नातवंडं मोर्चात बसतात. जमिनीच्या कागदासाठी माझ्या वडिलांनी इतक्या खेपा घातल्या की त्या कचेरीतला शिपाई त्यांना नावाने ओळखायचा. जमीन शेवटी मिळाली ती खडकाळ. रीलमधल्या भाऊला लाँचचे पैसे जास्त वाटले. बरं.

त्यावर परत १९८५ साली अभयारण्य झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं. जंगल राखायलाच हवं, माझं त्यावर दुमत नाही. गवा, अस्वल, शेकरू सगळे राहिले पाहिजेत, आणि रात्री कुणाला किल्ल्यावर मुक्कामाला सोडत नाहीत तेही उत्तमच. जाताना पिशव्यांतलं प्लॅस्टिक मोजतात आणि येताना पुन्हा तपासतात, त्याबद्दलही लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. पण प्रत्येक वेळी मागे सरकायचं कोणी? कधी धरणासाठी, कधी वाघासाठी, आणि आता काय, तुमच्या फोटोत पत्र्याचं घर येऊ नये म्हणून?

आत्या त्या दिवशी वाटेवरच्या मारुतीपाशी बसली. डोक्यावर छप्पर नाही, शेजारी गणपती, आजूबाजूला सगळी दाट झाडी. तिने पदराने मूर्तीवरची पानं झाडली, कनवटीची सुपारी काढून ठेवली. तेवढ्यात मागून एक मोठा ग्रुप आला. एकसारखे टी-शर्ट, एकाच्या पाठीवर स्पीकर. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "आजी, दोन मिनिटं बाजूला होता का, शूट करायचंय." वाईट बोलली नाही, हसून बोलली. आत्या उठली आणि कारवीच्या झुडपांत जाऊन उभी राहिली. दोन मिनिटं कसली, चांगला अर्धा तास चालला तो प्रकार. ती गप्प उभी होती, हातात चपला धरून.

हे मी आजवर कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितोय कारण ते 'उठवा एकदाची' वाचलं आणि तिचा कारवीतला चेहराच समोर आला.

त्या मुलीवर माझा राग नाही. खरंच नाही. तिला कुणी सांगितलंच नसणार. दीड तास लाँचमध्ये बसली असेल, तेवढ्यात ग्रुप लीडरने काय सांगितलं असेल? किल्ल्याची उंची, बाबूकडा कुठून दिसतो, ताई तेलिणीने किल्ला कसा लढवला. तेही सांगावंच. पण पाण्याखाली काय आहे हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. माणसाला कळलं की तो आवाज आपोआप खाली आणतो. मी पाहिलंय ते. ऑफिसातल्या पोरांना घेऊन गेलो होतो, लाँचमध्ये सांगितलं, परत येताना त्यांनी स्पीकर बॅगेतून काढलासुद्धा नाही.

ग्रुप म्हणजे काही सगळे वाईट नाहीत. काही जण गावातल्याच पोराला वाटाड्या म्हणून घेतात, गावातल्याच घरी जेवतात. नाचणीची भाकरी, खर्डा, कुळथाचं पिठलं, आणि घरातल्या बाईच्या हातात पैसे देतात. अशांच्या जिवावरच बामणोली-तापोळ्याच्या बाजूची चार पोरं मुंबईला न जाता घरी राहिली आहेत. एक पोरगं मला म्हणालं होतं, "दादा, सीझन चांगला गेला तर आई एकटी पडत नाही." लाँच तुम्हाला महाग वाटते तेव्हा हा हिशोबही धरा. पुण्या-मुंबईत पार्किंगला किती देता हो?

आणि कोयनेच्याच काठच्या कांदाटी खोऱ्यात काय चाललंय ते पेपरात येऊन गेलंच आहे. बाहेरची माणसं डोंगरच्या डोंगर घेतायत. त्यांना उठवा म्हणून कुणी रील काढत नाही. बामणोलीच्या लाँचवाल्याला बोलायला काय जातं, तो कुठे कोर्टात जाणार आहे?

राहिलं सांगायचं. मारुतीपासून थोडं वर गेल्यावर आत्या वाट सोडून दहा पावलं आत गेली. मी ओरडलो, आत जायला मनाई आहे. तिने ऐकलं नाही. एका जांभळीच्या मुळाशी बसली, हाताने पालापाचोळा बाजूला केला, दोन दगड उचलले. खाली ओल होती. बोटांनी माती उकरली, थांबली, आणि गढूळ पाणी हळूहळू वर आलं. मग निवळलं. मे महिना, वरचा ओढा कोरडा ठाक, आणि तिथे ओंजळभर पाणी. "आमची आय हितनं घागर न्यायची," एवढंच म्हणाली. प्यायली, मला पाजलं, आणि दगड होते तसे परत ठेवले. जनावरांनी तुडवू नये म्हणून.

साठ वर्षांनी तिला ती जागा सापडली. आणि तिच्या लोकांना जंगलाचं काय कळतं, असं मला मुंबईत बसून कुणी शिकवू नये. कासच्या पठारावर आजूबाजूच्या गावांच्या समितीकडे तिकिटाचं, वाहनतळाचं, पर्यटकांना वळण लावायचं काम आहेच ना? तिथेही गर्दीच्या तक्रारी आहेत, ठाऊक आहे मला. पण काम गावाच्या हातात आहे. मग वासोट्याच्या वाटेवर वाटाड्याचं काम आधी धरणग्रस्तांच्या मुलांना का नको? आणि बामणोलीच्या धक्क्यावर एक फलक का नको, ज्यावर बुडालेल्या गावांची नावं असतील?

या दोनच मागण्या करणारं पत्र मी वनविभागाला आणि साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाठवतोय. मसुदा तयार आहे. बुडालेल्या गावांची नावं गोळा करतोय, कुणाच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असतील तर विचारून कळवा, वाड्या-वस्त्यांची नावंसुद्धा. सही करायची असेल त्यांनी रविवारपर्यंत इनबॉक्समध्ये नाव आणि गाव टाका.