टाचेला विचारून सांगतो

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज सकाळी दिसणारा माणूस सलग दोन दिवस दिसला नाही, की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी केळी येतात. केळी घेऊन आलेले चारपाच जण आधी पलंगाकडं बघतात, पलंगावर कुणी झोपलेलं नाही हे पाहून जरा खट्टू होतात आणि चहा पिऊन जातात. टिळकवाडीत राहून चालणं सोडायचं तर ते असं गावाला कळवूनच सोडावं लागतं. त्यामुळं माझी टाच दुखायला लागली तेव्हा टाचेपेक्षा मला केळ्यांची जास्त धास्ती वाटली.

दुखणं मोठं लबाड. रात्रभर गप्प. पहाटे पलंगावरून पाय खाली टेकला, की कुणीतरी फरशीतून खिळा ठोकावा तशी कळ. भिंत धरत, कपाट धरत न्हाणीघरापर्यंत गेलं की कळ कमी. दात घासून होईपर्यंत तर असं वाटतं, काही झालेलंच नाही. म्हणून माणूस बूट चढवून मैदानावर जातो, तीन फेऱ्या मारतो, आणि संध्याकाळी टाच सगळी वसुली व्याजासकट करून घेते.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर सिमेंटच्या कोब्यावर उभं राहून मायक्रोमीटर धरायचा. दहा मायक्रॉन इकडचे तिकडं झाले की जॉब बाजूला. अशा माणसाच्या नशिबी दुखणं मात्र असं आलं, की त्याला ना ड्रॉइंग, ना टॉलरन्स. ‘कुठं दुखतंय?’ ‘इथं.’ ‘किती?’ ‘लई.’ एवढ्यावर सगळा रिपोर्ट संपला. एका पावलात 26 हाडं असतात म्हणे. 26 पार्टची असेंब्ली, रोज अंगावर सत्त्याहत्तर किलोचा लोड, आणि पन्नास वर्षांत एकदाही मेंटेनन्स नाही. आमच्या कंपनीत असं मशीन सापडलं असतं तर मीच आधी आरडाओरडा केला असता.

मैदानावर माझं लंगडणं पहिल्यांदा पकडलं ते पैलवान मामांनी. तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या मारलेला माणूस. त्यांची नजर अजून समोरच्याच्या पायावरच असते.

‘काय गा, लंगडूलालास की!’

‘टाच दुखतीय मामा.’

झालं. त्या वाक्याबरोबर माझी टाच सार्वजनिक मालमत्ता झाली. मामांचं म्हणणं, बूट फेकून दे आणि तालमीच्या लाल मातीत अनवाणी उभा राहा. बँकेतून निवृत्त झालेले अण्णा म्हणाले, हे युरिक ॲसिड; डाळ, पालक, टोमॅटो आजपासून बंद. शहापूरच्या काकूंनी रुईचं पान सांगितलं: वीट तापवायची, त्यावर रुईची पानं घालायची आणि टाच त्यावर दाबून धरायची. दुसऱ्या काकूंचा काशाच्या वाटीवर विश्वास. साजूक तूप लावून वाटीनं तळवे घासायचे, वाटी काळी पडली की अंगातली उष्णता निघाली. मी सगळं केलं. वाटी काळी पडली, वीट फुटली, घरात आठवडाभर बिनडाळीचं जेवण झालं. मुलगी म्हणाली, ‘टाच तुमची दुखतीय आणि आमटी आमची गेली.’

माझ्या घरच्यांचा श्रावण सोमवारी कपिलेश्वराला जाण्याचा नेम आहे. त्या दिवशी देवळाबाहेर चपला काढल्यापासून परत घालेपर्यंतचा प्रवास मी कसा केला ते त्या शंभूलाच ठाऊक. मी डोळे मिटून उभा होतो, ते बघून शेजारची एक बाई हिला म्हणाली, ‘तुमच्या ह्यांची भक्ती मोठी.’

शेवटी एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाला पुढं बारीक काट्यासारखं टोक आलेलं. ‘हाड वाढलंय’ ही बातमी माझ्या आधी मैदानावर पोचली आणि अण्णांनी ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाजही काढला. डॉक्टर मात्र त्या टोकाकडं बघायलाच तयार नव्हते. असं टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांना असतं, म्हणाले. खरं भांडण त्याच्या खाली आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. त्यावर रोज ताण पडून पडून तो कुरकुरायला लागतो. रात्री झोपेत पाऊल सैल पडतं आणि पट्टा आखडून बसतो. सकाळी आपण अचानक त्याच्यावर सगळं वजन टाकतो, म्हणून पहिली पावलं सगळ्यांत वाईट. त्यात पोटरी आखडलेली असली तर ती मागून ओढते ते वेगळंच.

‘मग चालणं बंद?’ मी आशेनं विचारलं. डॉक्टरांचं लेखी ‘बंद’ मिळालं असतं तर केळ्यांचाही प्रश्न सुटला असता.

‘वॉकिंग पूर्ण बंद माडबॅडरी, कम्मी माडरी,’ डॉक्टर कानडीत म्हणाले, आणि मग माझा चेहरा बघून मराठीत: ‘पूर्ण बंद नको, कमी करा. सायकल चालवा, पोहा. आणि घाई करू नका. महिने लागतात. बहुतेकांचं वर्षाच्या आत बरं होतं.’

महिने! आमच्याकडं डिस्पॅच उद्या सकाळी असतो.

घरात अनवाणी फिरायचं नाही असंही बजावलं होतं. आमची फरशी शहाबादी, आणि ‘घरात चप्पल?’ हा प्रश्न हिनं ज्या आवाजात विचारला, त्यानंतर देवघर आणि स्वयंपाकघर सोडून उरलेल्या जागेपुरता करार झाला. माझ्या मापाच्या मऊ सपाता दुकानात फक्त गुलाबी रंगात होत्या. गॅसवाला, दूधवाला आणि दोन्ही व्याही यांनी मला त्या गुलाबी सपातांत पाहिलेलं आहे.

याच सुमारास सासरे अथणीहून आले आणि येताना खास माझ्यासाठी कोल्हापुरी घेऊन आले. कोल्हापुरी म्हणायची, पण अथणी-निपाणीकडं ती पिढ्यान्‌पिढ्या होते. 2019 साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेही महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून, आणि त्या चारांत आमचं बेळगाव. दोन्ही राज्यांची नावं एका कागदावर गुण्यागोविंदानं बसल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. अशा चपलेला नाही कसं म्हणायचं? पण तळ सपाट आणि कडक, टाचेखाली मऊपणा नावालाही नाही. सासरे म्हणाले, ‘घाला की. आमच्या आज्यानं जन्मभर हीच घातली, त्याला कुठं टाचदुखी झालती?’ त्यांच्यासमोर मी अंगणात करकर वाजवत दोन चकरा मारल्या. ते भरून पावले. मीही, वेगळ्या अर्थानं.

सायकल काढली. टिळकवाडीत सायकल चालवणं पायाला फार सुखाचं, पण दुसरं रेल्वे गेट आहे ना. गेट पडलं की पाय टेकावा लागतो, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं टेकतो तो नेमका दुखरा. गाडी येईपर्यंत पुढच्या चाकाजवळ एक म्हैस, मागं एक टेम्पो, आणि मध्ये मी उजव्या पायाला डावा समजावत उभा. पोहायलाही गेलो. लहानपणी येळ्ळूरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं विसरलो नव्हतो, पण डिसेंबरातल्या बेळगावच्या सकाळी पाण्यात उतरल्यावर पोटरीत असा गोळा आला, की टाचेची आठवणसुद्धा राहिली नाही. तेवढा फायदा झाला.

पुण्याच्या मुलानं मध्येच हातात बांधायचं घड्याळ पाठवलं. ते पावलं मोजतं आणि पुण्याला कळवतं. रोज संध्याकाळी फोन: ‘बाबा, आज दहा हजार झाली नाहीत.’ हा दहा हजारांचा आकडा आला कुठून ते मी शोधून काढलं. टोकियोचं ऑलिंपिक झालं, आणि 1965 मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असं ठेवलं. म्हणजे आकडा काढला तो विक्री करणाऱ्यांनी. आमच्याकडं सेल्सवाल्यांना टॉलरन्स ठरवू दिला तर इंजिनाऐवजी खुळखुळे जातील. हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरं, पण आज किती झाली?’

मग एक दिवस कंपनीत स्टुलावर बसून मी एका कास्टिंगची धार कानशीनं मारत होतो. घड्याळ हातात. थोड्या वेळानं ते थरथरलं आणि म्हणालं, शाब्बास, चालत राहा! कानशीचा एक हात म्हणजे त्याच्या लेखी एक पाऊल. त्या दिवसापासून हेल्परला मी कानस मारू दिली नाही. बसल्या जागी दुपारच्या चहापर्यंत कोटा पूर्ण. पुण्याहून फोनवर कौतुक यायला लागलं.

दरम्यान टाच वाचवायला मी पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होतो, तर घोट्यानं तक्रार सुरू केली. त्यात खडे बाजारात कुणीतरी कशासाठी तरी खणलेल्या चरात पाय मुरगळला. आता दुखणं टाचेच्या हद्दीत की घोट्याच्या, यावर मैदानावर दोन तट पडले. सीमाभागातली माणसं, हद्दीचा विषय निघाला की आम्हाला फेऱ्या आठवत नाहीत. एक पक्ष 1956 पासून दाखले देत होता. ‘मग आज किती चालणार?’ असं कुणी विचारलं की मी ‘टाचेला विचारून सांगतो’ म्हणून बाकावर बसायला लागलो.

खरा उतार पडला तो कुणालाच सांगण्यासारखा नसलेल्या गोष्टींनी. भिंतीला हात टेकून मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला, तीस सेकंद पोटरी ताणायची. पलंगावरून उतरायच्या आधी पावलात टॉवेल अडकवून आपल्याकडं ओढायचा. जिन्याच्या पायरीवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच सावकाश वर, जरा थांबून सावकाश खाली. तीही एक दिवसाआड. घोट्यासाठी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. आणि रात्री बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली लाटायची. यात ना रुईचं पान, ना वीट. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘एवढंच?’ आणि माझ्यावर त्यांचा जो विश्वास होता तोही उडाला.

बाटलीवर हिनं लाल नेलपॉलिशनं मोठा ‘पाय’ लिहून ठेवला होता. तरी सासऱ्यांनी दुपारी फ्रीजरमधून तीच काढली, उन्हात ठेवून वितळवली आणि घटाघटा प्याले. ‘पाय’ म्हणजे कंपनीचं नाव वाटलं म्हणे. वर म्हणाले, पाण्याला चव बरी आहे.

हल्ली सकाळची कळ पहिल्या दोनचार पावलांपुरती उरली आहे. तीन फेऱ्यांऐवजी दीड फेरी, मग बाक. दिवाळीला मुलगा आला तो फोनवर माझा वर्षाचा आलेख उघडूनच. रेघ सारखी वर चढणारी. त्याला इतका अभिमान वाटला, की त्यानं मला न विचारता पुण्यातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत माझं नाव घातलं होतं, पैसे भरून, टी-शर्टच्या मापासकट.

मी हिच्याकडं बघितलं. ती फराळाचं ताट घेऊन चाललेली. थांबली, टी-शर्टचं माप वाचलं, आणि म्हणाली, ‘जावा की. जाताना कानस तेवढी न विसरता घ्या.’