भाकरीचा हिशेब चुकीच्या वहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, मधुमेहात चालण्याचा फायदा सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: ‘सिद्धेश्वर तलावाकडं रोज चालून जेमतेम एका भाकरीच्या कॅलरी जळतात. त्यापेक्षा भाकरीच सोडा. आणि जिममधनं आल्यावर माझी साखर 138 ची 161 झाली, त्याचं काय?’

कॅलरींचा हिशेब बरोबर आहे, पण चुकीच्या वहीत मांडलाय. किती जळलं हा प्रश्नच नाही. भाकरीची साखर रक्तातून गेली कुठं, हा आहे. जेवणानंतर तिचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. एरवी त्यासाठी इन्शुलिनचा सांगावा लागतो. तो पोचला की ग्लूट-4 नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. टाइप 2 मधुमेहात हा सांगावाच नीट ऐकू जात नाही. पण स्नायू कामाला लागला की हीच प्रथिनं इन्शुलिनची वाट न बघता वर येतात. शिवाय व्यायामानं ग्लायकोजेनचं, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचं, पेव रिकामं झालेलं असतं. ते भरायला स्नायू पुढचा एखाद-दोन दिवस साखर जास्त सहज ओढतात. म्हणून कालचं चालणं आजच्या भाकरीला उपयोगी पडतं, आणि म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

आता ते 161. जोर लावून व्यायाम केला की अॅड्रेनलिन वाढतं आणि स्नायू उचलतील त्याहून वेगानं यकृत साखर सोडतं. तासा-दोन तासांनी परत मोजून बघा.

एका जागी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘चालणाऱ्यानं भाकऱ्या मोजू नयेत’ हे मी लिहिलं, ते चुकलंच. (भाकरीचा विषय निघाला की आम्हा सोलापूरकरांचा हात सैल सुटतो.) मंगळवेढ्याची मालदांडी झाली तरी 100 ग्रॅम ज्वारीत 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच, आणि पेवालाही तळ असतो तसं तोंड असतं. ते वाक्य काढून टाकलंय.

भाकरी सोडण्याआधी एवढं करा. त्याच दोन भाकऱ्या, तीच शेंगाचटणी. एका रात्री जेवून बसून राहा, दुसऱ्या रात्री जेवल्यावर 15 मिनिटं गल्लीत फिरा. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. दुपारी नको, आपलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर फार खाली येऊ शकते. आकडे इथंच लिहा, माझ्या विरुद्ध गेले तरी.