रक्तदाबाची चर्चा डिस्चार्जपाशी का थांबते?

भारतातले बाळंतपणावरचे वाद ब्रिटनमधून वाचताना एक गोष्ट सतत खटकते. सिझेरियन वाढली का, बिलं फुगली का, यावर हिरिरीने बोललं जातं, पण बाई घरी गेली की चर्चा संपते. रक्तदाबाचा धोका मात्र संपलेला नसतो. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी प्रसूतीनंतर पुन्हा रक्तवाहिन्यांत येतं आणि दाब साधारण ३ ते ६ व्या दिवशी सर्वांत वर जातो. गरोदरपणात दाब अगदी नॉर्मल असलेल्या बाईलाही हे होऊ शकतं. वाढलेल्या दाबामुळे येणारे झटके (आकडी, फिट्स) काही आठवड्यांनीही येऊ शकतात.

इथली राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे. गरोदरपणात दाब वाढला असेल तर प्रसूतीनंतर पहिले २ दिवस रोज आणि ३ ते ५ व्या दिवसांत किमान एकदा तो मोजायचा. घरी गेल्यावर हे काम मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, करते. मात्र ज्यांचा दाब आधी कधीच वाढला नव्हता, त्यांच्यासाठी इथलीही जाळी सैल आहे. म्हणून ही पद्धत जशीच्या तशी उचला, असं मी म्हणणार नाही.

शिवाय भारताकडे आशाताईंच्या घरभेटी आहेतच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. भर बाळावर असतो. त्यात ५ व्या दिवसाची एक भेट वाढवा, दंडावर बांधायचं डिजिटल मशीन द्या आणि या जादा कामाचे पैसेही द्या. ५ मिनिटं शांत बसवून, पाठीला टेकू देऊन, पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजायचं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो.

सर्वांत मोठी चूक डोकेदुखीबाबत होते. ‘मणक्यात इंजेक्शन दिलं होतं ना, त्यानेच’ म्हणून सोडून देतात. ते दुखणं बसल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर कमी होतं. पण या फरकावर विसंबू नका, आधी दाब मोजा. नजर धूसर होणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, धाप लागणं, हीही लक्षणं तितकीच गंभीर. १६०/११० किंवा वर आला तर १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचा, पण तोवर गाडी बोलावून ठेवायची. वरचा किंवा खालचा, एक आकडा वर असला तरी पुरे. दाब तसाच राहिला तर तासाभरात औषध सुरू व्हायला हवं.

झटका आला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच मॅग्नेशियम सल्फेट या झटके रोखणाऱ्या इंजेक्शनचा पहिला डोस द्यावा, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, मग पुढे पाठवावं. भीतीपोटी इंजेक्शन न देता रुग्णवाहिकेत बसवणं जास्त घातक आहे. पुढच्या डोसआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास आणि लघवी तपासायची. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं.

लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधं स्तनपान चालू असताना सहसा देता येतात. दुधाच्या काळजीने घरचे गोळ्या बंद करतात, म्हणून हे डिस्चार्जच्या वेळी तिला आणि घरच्यांना एकत्र बसवून सांगायला हवं.